गाडीची हिरवी तार

आमच्या गाडीच्या दारापुढे ती सडा घालत होती. व्हॅनमधल्या वरच्या बर्थच्या कॅनव्हासच्या खिडकीतून मला ती पाठमोरी दिसत होती. पदर खोचलेला, पाय अनवाणी, हातात प्लास्टिकचा तांब्या. थोड्या वेळापूर्वीच ती आत येऊन किटली लावून गेली होती, मी झोपेत असल्याचं दाखवलं होतं. आता तिनं पायरीपुढची माती ओली केली, चिमटीनं रांगोळीचं एक लहानसं कमळ काढलं आणि उठून आत यायला दाराच्या मुठीला हात लावला.

लावला आणि मागे घेतला. मग ती दारासमोर हात जोडून उभी राहिली. ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाली, उत्तराची वाट पाहावी तशी थांबली, आणि थंड पाण्यात उतरावं तशी घाईनं मूठ धरून वर चढली.

मी जागी आहे हे तिला माहीत आहे आणि हा नमस्कार माझ्यासाठीच चालला आहे, असं मला वाटलं.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणं तपासण्याचं काम करत होते, आणि अप्पा कोल्हापुरात एकटे होते. निदान मी तसं समजत होते. मग त्यांचा फोन आला. ते गाडी घेऊन मालवणच्या बाजूला समुद्रालगतच्या एका माडाच्या बागेत उतरले होते. मयेकर नावाच्या बागायतदारानं तिथं तंबू आणि गाड्यांसाठी जागा केली होती, विजेचे खांब बसवले होते. मीही चार दिवस यावं, असं ते म्हणाले. बरोबर प्रमिलाबाई आहेत, पोस्टातून निवृत्त झालेल्या, मूळच्या इचलकरंजीच्या, मिस्टर फार वर्षांपूर्वी गेले, मूलबाळ नाही. एवढी माहिती त्यांनी एका दमात दिली, म्हणजे ती आधी जुळवून ठेवलेली होती. मग बराच वेळ ते समुद्राविषयी बोलले. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "त्यांचं म्हणणं आहे की चारूनं हो म्हटल्याशिवाय काही नाही. आणि मलाही तसंच वाटतं."

मी त्या लग्नाला नाही म्हणायलाच गेले होते. बसमध्ये मी वाक्यंही जुळवली होती. त्यांत कुठेही आवाज चढत नव्हता.

गाडीविषयी सांगायला हवं. ती जर्मन बनावटीची जुनी व्हॅन, वर उघडणारं छप्पर असलेली, कुणा परदेशी जोडप्यानं गोव्यात सोडून दिलेली. मी शाळेत असताना ती अप्पांनी आणली आणि आईनं ती घरासारखी केली. पडदे तिनं शिवले, गाद्यांच्या खोळी तिनं शिवल्या, मसाल्याच्या बाटल्या रस्त्यात वाजू नयेत म्हणून फळीला कापडी पट्ट्या तिनं ठोकल्या. वायरिंग मात्र अप्पांचं आणि माझं. अप्पा वीज मंडळात इंजिनियर होते. माझे हात बारीक, म्हणून अडचणीच्या जागेतून तार मी ओढायची आणि बाहेरून ते सांगायचे. वीज म्हणजे काय ते मी त्या गाडीच्या फरशीवर उताणी पडून शिकले. पुढे पदव्या घेतल्या, पण त्यातलं पहिलं वाक्य अप्पांचं होतं. विजेला घरी जायची घाई असते, तिला वाट करून दिली की ती कुणाला त्रास देत नाही.

त्या सकाळी चहा पिताना हेच वाक्य मी पुन्हा ऐकलं. ते प्रमिलाबाईंना सांगत होते.

आम्ही बाहेर घडीच्या खुर्च्यांवर बसलो होतो. अप्पांनी निळ्या जाड केबलकडे बोट केलं. मयेकरांच्या खांबापासून ती गाडीच्या कुशीतल्या सॉकेटपर्यंत येत होती. केबल कशी अख्खी उलगडून ठेवायची, गुंडाळलेली राहिली तर तापते, पाऊस लागू नये म्हणून सॉकेटचं झाकण कसं खाली हवं, हे सगळं ते समजावत होते. प्रमिलाबाई मन लावून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "म्हणजे साहेब, हिला दूध पाजल्यासारखंच की हे." अप्पा हसले. इतके हसले की त्यांच्या बशीतला चहा सांडला. आई असताना ते बशीतून चहा पीत नसत. आईला ते आवडत नसे.

मी विचारलं, बशीतून कधीपासून प्यायला लागलात.

"गार लवकर होतो," अप्पा म्हणाले आणि बशी खाली ठेवली.

चहा आईच्या किटलीतला होता. स्टीलची, बुडाशी विजेचं वेटोळं असलेली जुनी किटली, बेकेलाइटच्या मुठीला एक चीर गेलेली. गाडीतला प्रत्येक चहा आईनं त्यातच केला. आता तिच्यात पाणी कुठवर भरायचं हे प्रमिलाबाईंना न पाहता कळत होतं. त्या रात्री मयेकरांच्या घरातल्या खोलीत झोपायच्या आणि पहाटे गाडीशी यायच्या. त्यात कुणाला नाव ठेवायला जागा नव्हती, आणि मला तेही खटकत होतं. जागा असती तर बरं झालं असतं.

कप विसळायला आम्ही दोघी नळाशी गेलो. मला गप्प राहता आलं असतं, पण त्या नमस्काराचं मनातून जाईना. मी विचारलं, दाराला हात कशाला जोडता.

त्या एकदम लाजल्या. कप उलटा करून पाणी निथळू दिलं, मग म्हणाल्या, "बघितलंस होय. हसू नको. ती गाडी मला झटका देती."

"झटका म्हणजे?"

"झिणझिण्या. मूठ धरली की हातातनं वर जातात. पहिल्या दिवशी मुंगी चावल्यासारखं झालं. आज पार कोपरापर्यंत." त्यांनी कोपर चोळलं. "आणि फक्त सकाळचं, सडा घालून आत शिरायला लागले की. दुपारी काही नाही, संध्याकाळी काही नाही. तुझ्या वडलांना तर कधीच नाही, मी विचारलं त्यांना आडून. तूही काल दहादा चढउतार केलीस, तुला काही झालं?"

मला काही झालं नव्हतं.

"मग माझ्या ध्यानात आलं," त्या म्हणाल्या. "हे तुझ्या आईचं घर आहे. मी रोज विचारते, ताई, मी दारात आहे, आत येऊ का. आणि त्या रोज सांगतात." कपांची चळत त्यांनी छातीशी धरली. "उद्या एकदा विचारणार. उद्याही नाहीच म्हणाल्या तर मी परवाच्या एसटीनं इचलकरंजीला जाते. साहेबांना तू समजाव. तुझ्याही मनात नाही, कळतं मला. पण तू लेक आहेस, तुझा रुसवा मी काढीन. त्यांचा कसा काढू?"

म्हणजे मला काहीच करायचं नव्हतं. जुळवलेली वाक्यं बोलायचीही गरज उरली नव्हती. माझं काम आई करत होती.

आणि मला त्याचा आनंद झाला नाही. जे वाटलं ते मी पुढे कितीदा तरी तपासून पाहिलं आहे, ते नेमकं असं होतं. तीन वर्षांत आईनं मला काही कळवलं नव्हतं. तिच्या कपाटाशी मी बसून राहिले होते, तिची साडी न धुता ठेवली होती, विज्ञान शिकलेल्या बाईनं करू नये ते सगळं केलं होतं. आणि ही बाई, जिला आईनं कधी पाहिलंही नव्हतं, तिच्याशी ती रोज सकाळी बोलत होती. नाही म्हणायला का होईना, पण तिच्याशी. एवढी जळले मी तेव्हा की हातातला कप नळावर आपटला.

मग डोकं चालू लागलं, आणि त्यालाही धक्का त्या जळण्याचाच होता. फक्त सकाळी, म्हणजे किटली चालू असताना. फक्त तिला, कारण गाडीला घर मानून पायरीपाशी चपला काढणारी आणि दारात पाणी शिंपणारी तीच एक. अप्पांना मधुमेह, डॉक्टरांनी अनवाणी फिरायला बंदी केलेली, ते आतबाहेर रबरी सपातांत असत. मी बूट घालूनच चढत होते. आणि गाडी चार टायरांवर, म्हणजे रबरावर उभी. घराच्या भिंतीतून थोडा करंट जमिनीत मुरतो, गाडीतून मुरायला वाट नाही. तिचा जमिनीशी संबंध केबलमधल्या हिरव्या, अर्थिंगच्या तारेचा. तीच तुटली असेल, तर ओल्या मातीत अनवाणी उभी राहून मूठ धरणारी बाई हीच वाट.

ती आई नव्हती. हे मी दाखवून देणार होते. बाई वाचावी हे मनात नव्हतं असं नाही, ते होतंच. पण आधी मला माझी आई तिच्याकडून परत हवी होती.

"उद्या सकाळी मी आल्याशिवाय मुठीला हात लावू नका," मी म्हणाले. "आणि सडा घालू नका."

"एवढं काय झालं?"

"मला मोजायचं आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आईला मोजणार तू?"

मी नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी खाली उतरले. माझा मीटर नेहमी माझ्या पिशवीत असतो. अप्पांचा लांब स्क्रूड्रायव्हर पायरीपुढच्या मातीत रोवला, त्यावर तांब्याभर पाणी ओतलं, एक टोक त्याला लावलं, दुसरं दाराच्या मुठीला. काटा नसलेला मीटर, आकडे दाखवणारा. किटली बंद असताना आकडा नावापुरता. मी बूट घालून आत गेले, किटली लावली, बाहेर आले. आकडा दीडशे व्होल्टच्या वर गेला होता. जुन्या वेटोळ्यात समुद्राच्या हवेची ओल शिरते, ते तापून कोरडं होईपर्यंत करंट बाहेर झिरपत राहतो. म्हणून सकाळी. रोज ओल वाढत होती, म्हणून काल कोपरापर्यंत. आणखी आठवडाभरानं ती मूठ सुटली नसती.

प्रमिलाबाई माडाखाली उभ्या होत्या, सांगितल्याप्रमाणे लांब. मी त्यांना काही बोलले नाही. खांबाशी गेले, स्विच पाडला, प्लग काढून त्याचं झाकण उघडलं.

हिरवी तार तुटलेली नव्हती. कापलेली होती. कापून तिचं टोक मागे दुमडलं होतं आणि त्यावर टेप गुंडाळली होती, आणि टेपचं शेवटचं टोक आत मुडपून चिकटवलं होतं, पुढच्या माणसाला सोडवताना नखानं उकरावं लागू नये म्हणून. अशी टेप मी जगात एकाच माणसाला गुंडाळताना पाहिलं आहे. त्यांनीच मला ती तशी गुंडाळायला शिकवलं.

मी प्लग तसाच हातात घेऊन गाडीत गेले. अप्पा नुकतेच उठून बसले होते. त्यांनी प्लगकडे पाहिलं आणि चष्मा शोधू लागले. चष्मा समोरच होता.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. पहिल्या सकाळी किटली लावली आणि मयेकरांचा ट्रिपर, करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच, पडला. सगळ्या बागेची वीज गेली. पुन्हा लावली, पुन्हा गेली. मयेकर येऊन चार शब्द बोलून गेले, शेजारच्या तंबूतले लोकही बोलले. किटलीत दोष आहे हे अप्पांना तेव्हाच कळलं होतं. हिरवी तार काढली की ट्रिपर पडत नाही हेही माहीत होतं. आयुष्यभर हे करू नका म्हणून त्यांनी लोकांना सांगितलं होतं, गावोगाव तशा पाट्या लावल्या होत्या.

"किटली टाकून द्यायची होती," मी म्हणाले.

"हो."

"बाजारात पन्नास मिळतात."

"हो." त्यांना चष्मा सापडला. तो न घालता ते हातात फिरवत राहिले. "मी सपाता घालतो, मला काही होत नव्हतं. त्या अनवाणी असतात हे माझ्या लक्षातच आलं नाही बघ."

"त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, झिणझिण्या येतात का म्हणून."

"विचारलं होतं." त्यांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या. "मग कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लहानपणी तार ओढताना दोघांनाच कळणारी एखादी युक्ती सांगायचे, तसं. "चारू, तिच्या हातची ती. तू टाकली असतीस?"

नसती टाकली. हे त्यांना माहीत होतं. त्या क्षणी आम्ही दोघं एका बाजूला होतो, मी, अप्पा आणि आईची किटली, आणि ती बाई बाहेर माडाखाली. मी बसमध्ये जे मागायला निघाले होते ते हेच होतं. अप्पांनी आईला टाकलं नव्हतं. तिच्या एका वस्तूसाठी त्यांनी दुसऱ्या बाईचा जीव पणाला लावला होता, आणि मला सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला हवा होता त्याहून मोठा पुरावा मिळाला होता. तो हातात धरून मी बसले आणि मला तो नकोसा झाला.

"त्यांना वाटतंय, आई त्यांना आत येऊ देत नाही," मी म्हणाले. "म्हणून त्या उद्या जाणार आहेत. तुम्ही त्यांना सांगा."

"तूच सांग ना."

"तार तुम्ही कापलीत, अप्पा."

ते उठले नाहीत. गादीच्या कडेला सपाता पायांनी चाचपत बसून राहिले. मग मीच पक्कड घेतली, हिरव्या तारेचं टोक सोललं, प्लगमध्ये तिच्या जागी बसवलं, स्क्रू आवळला. खांबाला लावलं. खात्री करायला किटली एकदा चालू केली आणि वीज गेली. घराकडून मयेकरांचा आवाज आला, कोण हो तो, परत केलात काय. मी किटलीची वायर काढली, मयेकरांना ओरडून सॉरी म्हटलं, त्यांनी ट्रिपर उचलला. गाडीतला दिवा लागला आणि लागलेला राहिला. मूठ आणि माती यांच्यामध्ये मीटर शून्य दाखवत होता.

"या," मी प्रमिलाबाईंना हाक मारली. "लावा हात."

त्या आल्या. पायरीपाशी, ओल्या मातीत, सवयीनं चपला काढूनच. मी गाडीच्या दारात बसले होते, पाय पायरीवर. त्यांनी आधी एक बोट लावलं, मग सगळा हात, मग दुसराही. मूठ धरून त्या तशाच उभ्या राहिल्या, आजाऱ्याची नाडी पाहावी तशा.

"काहीच नाही गं."

"नाहीच येणार. किटलीतून करंट गाडीच्या पत्र्यात उतरत होता. त्याला जमिनीत जायला जी तार असते ती जोडलेली नव्हती."

"का नव्हती?"

आत अप्पांच्या सपातांचा आवाज थांबला. मी थांबले. त्यांना पुरेसा वेळ दिला.

"मी कापली होती," आतून अप्पा म्हणाले. "किटली चारूच्या आईची होती. टाकवेना."

प्रमिलाबाई माझ्या खांद्यावरून आत बघत राहिल्या. राग येईल असं मला वाटलं, खरं तर मी त्याची वाट पाहत होते. त्या हसल्या, तेही मोठ्यानं नाही.

"म्हणजे मी तरी काय चुकीचं म्हणत होते," त्या मला म्हणाल्या. "झटका त्यांचाच होता की."

"तसं नाही. ते वेटोळं जुनं..."

"कळलं गं. पोस्टात होते मी, अडाणी नाही." त्यांनी मुठीवरचा हात काढला आणि पदराला पुसला. चेहऱ्यावर सुटकेचं काही नव्हतं. उलट काहीतरी हरवल्यासारख्या त्या दिसत होत्या. "पण बरं होतं. कुणीतरी विचारायला होतं. नाही म्हणत होत्या, पण होत्या. आता मी कुणाला विचारू?"

"अप्पांना विचारा."

"त्यांचं हो मला कधीचं मिळालंय. आणि ते काय, हो म्हणायचं आणि तार कापून ठेवायची." हे त्या जरा मोठ्यानं म्हणाल्या, आत ऐकू जाईल असं. मग आवाज खाली आणला. "दारात तू बसलीयस, चारू."

मी खरंच दार अडवून बसले होते. माझे बूट पायरीवर होते, खांदा एका चौकटीला, गुडघा दुसरीला. जायला एवढीशीही जागा नव्हती. मी तशी का बसले होते ते मला माहीत होतं, आणि तिलाही.

"येऊ का आत?" तिनं विचारलं. दाराला विचारायची त्याच आवाजात. आणि तशीच वाट पाहत थांबली.

घरातून मयेकरांच्या रेडिओवर हवामान सांगत होते. मी ते सगळं ऐकून घेतलं. मग पाय उचलून आत घेतले.

"या," मी म्हणाले.

ती आत आली आणि खिडकीपाशी उभी राहिली. तिथली गादी मोकळी होती, आई तिथं बसायची. ती बसली नाही, माझ्याकडे बघत राहिली. मी मीटरच्या तारा गुंडाळायला घेतल्या. त्या वेळी मला 'या' एवढंच म्हणता आलं. 'बसा' म्हणायला पुढे बरीच वर्षं लागली.